बारा तासांची पाळी स्वस्त पडतेच कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी सगळी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसमध्ये झाली. हजेरीकार्डे, ओव्हरटाइम, पगारपत्रके यांतच केस पांढरे झाले. सध्या मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. वॉचमनच्या कंत्राटाची मुदत संपत आली की तीन एजन्सींची कोटेशने मागवायची आणि त्यांतले सर्वांत खालचे उचलायचे, हा शिरस्ता बहुतेक सोसायट्यांत आहे. यंदाची तीन कोटेशने वाचल्यावर मात्र हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

तिन्हींत बारा तासांच्या दोन पाळ्या आणि खाली एकच ओळ: 'किमान वेतन कायद्यानुसार'. हे शक्यच नाही. आठवड्याला ४८ तास नेहमीच्या दराने, त्यावरचे तास दुप्पट दराने, हा नियम कारकून म्हणून मी आयुष्यभर लावला. बारा तासांप्रमाणे सहा दिवस भरले की ७२ तास होतात. वरचे २४ तास दुप्पट, म्हणजे आणखी ४८ तासांचा पगार. थोडक्यात, बारा तास उभ्या राहणाऱ्या एका माणसाला दोन माणसांचा पगार द्यावा लागतो. अशा दोन पाळ्यांचे चार पगार होतात. तेच गेट आठ-आठ तासांच्या तीन माणसांनी सांभाळले तर तीनच. कायदा पाळला तर बारा तासांची पाळी महाग पडते. मुंबईभर ती स्वस्त पडते, याचा अर्थ ओव्हरटाइम बुडवला जातो. दुसरा अर्थ निघत नाही.

आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनने मला त्याची पगाराची चिठ्ठी दाखवली. ठाण्यापलीकडे दिवा गावात राहतो, जळगावकडचा आहे, मुलगी बारावीला. चिठ्ठीवर हजेरी २६ दिवस आणि ओव्हरटाइमच्या रकान्यात आडवी रेघ. गेटवरच्या मस्टरमध्ये मात्र महिन्याच्या प्रत्येक तारखेपुढे सात ते सात आणि त्याची सही. महिनाअखेरीस तेच मस्टर एजन्सीच्या बिलाला जोडून येते, आमच्या सोसायटीचा शिक्का त्यावर बसतो आणि चेक निघतो. ओव्हरटाइम केल्याचा पुरावा आपल्याच कपाटात फाइल होतो आणि कोणाला काही वाटत नाही, याचे मला फार वाईट वाटते. बुटांचे पैसेही त्याच्या पहिल्या पगारातून कापले होते.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष (महागाई) भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. आमचे कंत्राट वर्षभरासाठी एकाच रकमेला बांधलेले असते. मग वाढलेला भत्ता वॉचमनपर्यंत पोचणार कुठून?

कमिटीत हे मांडले तेव्हा उत्तर मिळाले, 'त्यांनाच बारा तास हवे असतात.' हवे असतातच, कारण आठ तासांच्या पगारात दिव्याच्या खोलीचे भाडे आणि किराणा भागत नाही. पण त्याने बारा तास मागितले म्हणून वरच्या चार तासांचे पैसे बुडवायची मुभा मिळत नाही. दिल्लीच्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धांच्या, बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितले आहे की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारी ठरते. गरजेपोटी माणूस राजी झाला तरीही. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आमच्या गेटवरच्या माणसाला ती आजही नाही. सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार गेला.

मेंटेनन्स वाढेल, हे खरे आहे. मी स्वतः पेन्शनवर आहे, मलाही ते जाणवेल. पण लॉबीच्या लाद्या बदलायला आम्ही फ्लॅटमागे वर्गणी काढली, तेव्हा कोणी तीन कोटेशनांतले खालचेच घ्या असा आग्रह धरला नव्हता.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. तिच्यातही जादा कामाला दुप्पट दर कायम आहे. तेव्हा कायदा अपुरा आहे असे कोणी म्हणू नये. कामगार आयुक्त कार्यालयाला माझी विनंती आहे की, जानेवारी आणि जुलैचा भत्ता जाहीर झाला की मुंबईत एका वॉचमनमागे आठ तासांचा आणि बारा तासांचा किमान खर्च किती येतो, याचा साधा तक्ता मराठीत काढावा. मूळ पगार, भत्ता, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), साप्ताहिक सुट्टीचा बदली माणूस, सगळे धरून. त्याखालचे कोटेशन कमिटीने उघडूच नये. सोसायट्यांचे लेखापरीक्षण दरवर्षी होतेच. सहकार खात्याने लेखापरीक्षकांना एवढेच सांगावे की वॉचमनचे मस्टर आणि पगारचिठ्ठी शेजारी ठेवून पाहा.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकायच्या असतात. आमच्या सभेत आठ तासांच्या तीन पाळ्यांचा ठराव मी मांडणार आहे. इतर सोसायट्यांच्या सभासदांनीही आपल्या गेटवरचे मस्टर एकदा मागून पाहावे.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर,
मुलुंड (पूर्व), मुंबई