मुलांची वये लिहून देऊनही चुकीचे जहाज गळ्यात मारल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, क्रूझ विभाग

विषय : दिवाळीच्या सुट्टीतील सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझचे बुकिंग रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी जे बोलणे झाले, त्यानंतर फोनवर बोलण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बुकिंगचा कागद, पावत्या आणि आपल्या प्रतिनिधींच्या ईमेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जहाज कोणते, फेरी कोणती आणि कोणत्या डेकवर काय आहे हे आपणास ठाऊक आहे. ते मी आपल्याला सांगत बसणार नाही.

आमचे एकत्र कुटुंब रत्नागिरीजवळ राहते. घरची हापूसची बाग असल्यामुळे मार्च ते मे या काळात आमच्यापैकी कोणालाही गाव सोडता येत नाही आणि मुलांना घेऊन कुठे जायचे तर दिवाळीचीच सुट्टी मिळते. सासूबाई, आम्ही दोघे, दीर-जाऊ आणि चार मुले असे आम्ही नऊ जण. माझी मुलगी १६ वर्षांची, मुलगा १२ वर्षांचा, दिरांची मुलगी ८ वर्षांची आणि त्यांचा धाकटा अडीच वर्षांचा. ही चारही वये मी आपल्या रत्नागिरीच्या कार्यालयात पहिल्याच भेटीत जन्मतारखांसह कागदावर लिहून दिली होती. आपल्या प्रतिनिधीने त्या कागदावर ‘चाइल्ड ४’ असे लिहून त्याभोवती गोल केला आणि पुढचा सगळा व्यवहार त्या एका आकड्यावर झाला. माझ्या तक्रारीचे मूळ तिथे आहे.

मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने क्रूझ निवडताना भाड्याच्याही आधी विचारायची गोष्ट म्हणजे कोणत्या वयाच्या मुलाला जहाजावर कुठे जागा आहे, आणि हे आपल्या व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. कार्निव्हलच्या जहाजांवर १२ ते १४ आणि १५ ते १७ या वयांसाठी वेगळे कक्ष आहेत. एमएससीच्या जहाजांवरही तसेच आहे. डिस्नेच्या जहाजांवर ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी एक आणि १४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दुसरी जागा असते, शिवाय सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी तासावर पैसे भरून वापरायचे पाळणाघर असते. व्हर्जिनच्या जहाजांवर तर १८ वर्षांखालच्या प्रवाशाला घेतच नाहीत. आम्हाला यांपैकीच एखादे जहाज हवे होते असे माझे म्हणणे नाही, कारण ती सगळी आपल्या बाजूला येतातच असे नाही. परंतु कंपन्यांमध्ये एवढा फरक असताना चार वेगवेगळ्या वयांच्या मुलांचे आईवडील समोर बसले आहेत, तर हा फरक त्यांना समजावून सांगणे हेच तर आपले काम होते आणि त्यासाठीच आम्ही आपल्याकडे आलो होतो.

आपण आम्हाला जे जहाज दिले, त्यावर मुलांचा क्लब ३ ते १२ वर्षांचा आहे आणि टीन लाउंज १३ ते १७ वर्षांचे. वय जहाज सुटण्याच्या दिवशीचे धरतात. म्हणजे दाढीमिशा फुटायच्या बेताला आलेला माझा मुलगा चार वर्षांच्या मुलांबरोबर रंगीत कागद कापत बसणार. अडीच वर्षांच्या मुलाला क्लबमध्ये प्रवेशच नाही, कारण तीन वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि डायपर सुटलेला असावा, असे दोन्ही नियम आहेत. डायपर घालणाऱ्या बाळाला तरणतलावातही उतरू देत नाहीत, मग तो डायपर पोहण्याचा का असेना. नियम आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे, माझा त्याला विरोध नाही. परंतु आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर तरणतलावात हसणाऱ्या बाळाचा फोटो छापून शेजारी ‘सर्व वयोगटांसाठी’ असे लिहिले आहे आणि माझ्या जावेने तो फोटो पाहूनच होकार दिला होता.

आता टीन लाउंजबद्दल. आपल्या प्रतिनिधीच्या शेवटच्या ईमेलमध्ये, तळाशी, बारीक अक्षरांत एक वाक्य आहे : त्या फेरीत एका मोठ्या कंपनीच्या विक्रेत्यांचे संमेलन जहाजावर असल्यामुळे टीन लाउंज पूर्ण प्रवासात त्या गटासाठी राखून ठेवले जाईल. पैसे भरून घेण्यापूर्वी हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. माझ्या मुलीचे हे अकरावीचे वर्ष आहे. पुढच्या वर्षी बारावी, मग कुठल्या शहरात कॉलेज कोणास ठाऊक. तिने आमच्याबरोबर यावे म्हणून घरात किती समजूत घालावी लागली ते आपल्याला सांगून उपयोग नाही. आईवडिलांपासून थोडे लांब, आपल्या वयाच्या मुलामुलींत चार तास घालवता येतील, एवढ्या एका आश्वासनावर ती तयार झाली होती. ते आश्वासन मी आपल्या शब्दावर तिला दिले होते.

केबिनच्या बाबतीतही तेच झाले. तीन केबिन एकमेकींना लागून, शक्य तर मधले दार उघडणाऱ्या असाव्यात, असे आम्ही लिहून दिले होते. प्रत्यक्षात सासूबाई आणि दोन्ही मुली जहाजाच्या पुढच्या टोकाला, तर आम्ही उरलेले सहा जण दोन डेक खाली, मागच्या टोकाला. सासूबाईंचे गुडघे दुखतात हेही त्या कागदावर होते. ‘मुलांचे भाडे मोफत’ या जाहिरातीचे पुढे काय झाले तेही लिहिते : बंदर शुल्क, कर आणि रोजची टिप चारही मुलांची लावलेली आहे आणि अडीच वर्षांच्या बाळाची टिप माझ्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसाइतकीच आहे. अनेक जहाजांवर अशीच पद्धत असते हे मला नंतर समजले. पद्धत असेल तर ती जाहिरातीतच लिहावी.

एवढे सगळे होऊनही मी आज फोन केला तो भांडण्यासाठी केला नव्हता. जाण्याचे रद्द करावे असे घरात अजून कोणी म्हणत नव्हते. मला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. पहिली, आमच्या धाकट्याचे वजन १२ किलो आहे, तर त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट केबिनमध्ये मिळेल याची नोंद बुकिंगवर करता येईल का. दुसरी, आठ वर्षांची मुलगी क्लबमध्ये असताना धोक्याचा भोंगा वाजला, तर तिला जमण्याच्या ठिकाणी कोण आणेल. पहिल्या प्रतिनिधीने माझे दोन्ही प्रश्न ऐकून घेतले, बुकिंग क्रमांक विचारला, मुलांची वये विचारली आणि संगीत लावून मला थांबवले. बऱ्याच वेळाने दुसरी व्यक्ती आली. तिने पुन्हा क्रमांक विचारला, पुन्हा वये विचारली आणि मी १६, १२, ८ आणि अडीच असे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे चार चिल्ड्रन.” मी पुन्हा दोन्ही प्रश्न विचारले. तिने फोन वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठ मराठी होते, म्हणून मला बरे वाटले. त्यांनी माझे बोलणे अर्ध्यावर तोडले आणि विचारले, “मॅडम, तुम्ही रत्नागिरीच्या ना?” मी हो म्हटले. ते म्हणाले, “मग तुमच्या पोरांना बोटीचं काय एवढं? तुमच्या दारात होड्या असतात. डेकवर सोडून द्या, खेळतील ती.” त्यांच्यामागे कोणीतरी हसल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी म्हटले, मला लाइफ जॅकेटबद्दल उत्तर हवे आहे. ते म्हणाले, “जॅकेट सगळ्यांना असतं. एकच असतं.” आणि “आणखी काही मदत हवी आहे का?” असे विचारून माझे उत्तर येण्यापूर्वी फोन ठेवला.

‘एकच असतं’ हे खोटे आहे आणि क्रूझ विकणाऱ्या माणसाने ते बोलणे गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेच्या सोलास करारानुसार १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी, १५ ते ४३ किलोच्या मुलासाठी आणि त्यापुढच्या माणसासाठी लाइफ जॅकेटची मापे वेगळी आहेत. २४ तास किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या प्रवासात जहाजावर जितकी बाळे, तितकी बाळांची जॅकेट असावीच लागतात. मोठ्याचे जॅकेट १२ किलोच्या मुलाला घातले तर तो पाण्यात पडताच त्यातून निसटून जाईल. माझा दुसरा प्रश्नही अस्थानी नव्हता. अनेक जहाजांवर क्लबमधल्या लहान मुलांच्या मनगटाला पट्टी बांधतात आणि तिच्यावर जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक असतो. या जहाजावर तशी पद्धत आहे की नाही, एवढेच मला विचारायचे होते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा, संकटात कुठे जमायचे याचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो. हे मला, बाग सांभाळणाऱ्या बाईला, वाचून कळते. आपल्या क्रूझ विभागाच्या वरिष्ठांना कळू नये याचे मला दुःख वाटते.

आणि कोकणाबद्दल. ज्यांच्या दारात समुद्र असतो ते आपली मुले समुद्रावर मोकळी सोडत नाहीत. सासूबाई लहानपणी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला येत. बोट किनाऱ्याला लागत नसे, पडावात उतरून यावे लागे, आणि उतरताना त्यांच्या आईने धाकट्या भावाला पदराने स्वतःच्या कमरेशी आवळून बांधले होते, हे त्या आजही सांगतात. १७ जुलै १९४७ रोजी त्याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्याकडे ते नाव घेतले की आजही जुनी माणसे बोलायची थांबतात. आमच्या मिरकरवाडा बंदरातला तांडेलसुद्धा, म्हणजे होडीचा प्रमुख, हवा पाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाही. लाइफ जॅकेटबद्दल विचारणाऱ्या कोकणातल्या आईला आपल्या माणसाने हसावे, याचा मी तीव्र निषेध करते.

याच सासूबाई पूर्वी आपल्याच कंपनीबरोबर काशी-प्रयागला जाऊन आल्या होत्या. त्या वेळी आपल्या सहल व्यवस्थापकाने त्यांचे गुडघे पाहून, कोणी न सांगता, त्यांना बसमध्ये पुढची जागा बदलून दिली होती. आमच्या वाडीतल्या कितीतरी लोकांनी त्यानंतर आपल्या सहली घेतल्या, त्या सासूबाईंच्या सांगण्यावरून. क्रूझचा विषय निघाला तेव्हा इतर दोन कंपन्यांची माहितीपत्रके घरात होती, आणि तरीही आम्ही आपल्याकडे आलो ते त्या एका जागेच्या आठवणीवर. तशी माणसे आपल्याकडे आता नसतील तर ते सांगावे, म्हणजे सासूबाई आपले नाव कोणाला सुचवणार नाहीत.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. बुकिंग विनाकपात रद्द करून भरलेली पूर्ण रक्कम परत करावी. रद्द करण्याचे शुल्क मी देणार नाही, कारण टीन लाउंज बंद असल्याचे आपण पैसे घेताना लपवले, आणि ते लाउंज हेच हे जहाज निवडण्याचे आमचे मुख्य कारण होते. आजच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आपण स्वतः ऐकावे आणि त्या वरिष्ठ अधिकाऱ्याने माझी लेखी माफी मागावी. माहितीपत्रकातला तो फोटो आणि ‘सर्व वयोगटांसाठी’ हे शब्द काढावेत, आणि मुलांसह येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कोणत्या वयासाठी काय उघडे आहे व काय बंद आहे याचा तक्ता पैसे घेण्यापूर्वी हातात द्यावा. हे माझ्या पैशांशी संबंधित नाही, तरीही मी त्यावर ठाम आहे. दापोलीतून, देवगडातून, मालवणातून आयुष्यात पहिल्यांदा क्रूझला निघणारी कुटुंबे आपल्याच कार्यालयांत येऊन बसतात आणि समोरचा माणूस सांगेल त्यावर विश्वास ठेवतात.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी यायचे आपल्याला आहे. याच अधिनियमाच्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या दिलेली आहे आणि ग्राहकापासून महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हे तीत स्पष्टपणे समाविष्ट आहे. टीन लाउंजबाबतचा तो ईमेल मी छापून ठेवला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, मी वेगळी नोंदवणार आहे. त्यासाठी आपल्या उत्तराची वाट पाहणार नाही.

कृपया यापुढे मला फोन करू नये. जे कळवायचे ते सहीशिक्क्यानिशी, स्पीड पोस्टाने, बुकिंगवरील पत्त्यावर पाठवावे.

आपली ग्राहक,
रत्नागिरी

सोबत : बुकिंगचा कागद, पावत्यांच्या प्रती, आपल्या प्रतिनिधींचे ईमेल, माहितीपत्रकाचे पहिले पान आणि ज्यावर ‘चाइल्ड ४’ असे लिहिले आहे त्या कागदाची छायाप्रत.