कीबोर्डसोबत सर्किट डायग्रामही द्या

संपादक महोदय,

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी जेव्हा कीबोर्ड, अँप्लिफायर, लाऊडस्पीकर विकत घेतले जातात, तेव्हा त्यांच्यासोबत सर्किट डायग्राम (आतल्या जोडणीचा नकाशा) आणि सर्व्हिस मॅन्युअल (दुरुस्तीची पुस्तिका) मिळालेच पाहिजे, अशी अट निविदेत घालावी. या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही आणि पुढे इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडची शिल्पनिदेशक होते. मागणी जुनीच आहे, पण यंदाच्या उन्हाळ्यात एक इलेक्ट्रिक पियानो दुरुस्त करताना ती जाहीरपणे मांडावीशी वाटली.

पियानो अमेरिकेत बनलेला, वुर्लिट्झर २००ए, सत्तरच्या दशकातला. शेजारच्या आजींचे यजमान ऑर्केस्ट्रात तो वाजवायचे. ते गेल्यावर पियानो दिवाणाखाली गेला आणि यंदा नातू तो कबाड्याला देणार होता. मी म्हटले, आधी मला उघडून पाहू दे.

या वाद्यात तारा नाहीत. ६४ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीची हातोडी पोलादाच्या एका रीडवर, म्हणजे पातळ जिभेवर, आपटते. रीडच्या टोकाला दोन्ही बाजूंनी वेढणारी पिकअपची (कंपन टिपणाऱ्या भागाची) धातूची पट्टी असते आणि तिच्यावर सुमारे १५० व्होल्ट डीसी असतो. रीड हलली की दोघींमधला कपॅसिटन्स (विजेचा चार्ज साठवण्याची क्षमता) बदलतो, त्यातून सिग्नल तयार होतो. मधली फट अगदी बारीक. तिच्यात धूळ बसली आणि वर कूलरची दमट हवा लागली की कर्रकर्र सुरू. नागपुरात या दोन्ही गोष्टी मुबलक! शिवाय त्या हवेने रीड गंजतात ते वेगळेच.

वाद्य ११७ व्होल्टचे, आपल्याकडे २३०. म्हणून आधी व्होल्ट उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याही आधी सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब. बटण दाबले, बल्ब क्षणभर भक्क पेटला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नाही, फिल्टर कंडेन्सर (चार्ज साठवून पुरवठा सपाट करणारे भाग) चार्ज होताहेत. बल्ब तसाच जळत राहिला असता तर तिथेच थांबावे लागले असते. स्पीकरमधून मात्र जोराचा हम (घुमणारा आवाज) येत होता. इतक्या वर्षांत इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वाळणारच. ते सगळे बदलले. सीताबर्डीच्या बाजारात एका फेरीत मिळाले. हम गेला, तरी सूर मात्र खोल विहिरीतून यावेत तसे.

इथे कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल कामी आले. त्यात संपूर्ण सर्किट आहे आणि जागोजागी किती व्होल्ट यायला हवेत तेही छापले आहे. मीटर लावत गेले. प्रीअँपच्या (सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या भागाच्या) पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या टोकावर आकडा जुळेना. तिथला कार्बनचा रेझिस्टन्स वयाबरोबर वाढून बसला होता. दोन रुपयांची वस्तू! बदलताच आवाज मोकळा झाला. ते पान हाती नसते तर मी आख्खा बोर्ड उकरत बसले असते, किंवा नातवाचेच ऐकले असते.

सूर लावायला महाल भागातले एक पेटी दुरुस्त करणारे आले. या रीडच्या टोकावर सोल्डरचा (डाखाचा) थेंब असतो; तो कानशीने थोडा घासला की सूर चढतो, सोल्डर घातले की उतरतो. पेटीची रीडही टोकाशी घासली की चढते, त्यामुळे त्यांना फार सांगावे लागले नाही. रीड सोडवायची, घासायची, ब्रशने कण झाडायचे (धातूचा कण पिकअपमध्ये पडला की पुन्हा कर्रकर्र), स्क्रू कसायचा आणि मगच ऐकायचे, कारण स्क्रू कसतानाही सूर हलतो. किती नेमका हात होता त्यांचा!

आता दुसरी बाजू. त्याच सुमारास एका शाळेने बंद पडलेला डिजिटल कीबोर्ड माझ्याकडे पाठवला. दहा वर्षांचाही नव्हता. बोर्डावरच्या दोन आयसींचे (चिपचे) नंबर घासून काढलेले. सर्व्हिस सेंटरने सांगितले, बोर्ड बदलावा लागेल आणि तो आता येत नाही. सर्किट मागितले तर बाहेरच्यांना देत नाही, असे उत्तर मिळाले. कीबोर्ड शाळेचा, पैसा लोकांचा आणि आम्ही बाहेरचे! याचा मला मनापासून राग येतो. पन्नास वर्षांपूर्वीचे वाद्य उघडून जोडता येते आणि कालपरवाचे ई-कचऱ्यात जाते. पूर्वी आपल्याकडे कित्येक रेडिओंच्या आत सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. आमची मुले त्यावरच शिकली.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात धरली. त्या चार नावांत वाद्ये नाहीत. ती यावीत. पण तोवर निविदेतली अट इथल्या इथे घालता येते, त्यासाठी दिल्लीकडे पाहायला नको. मॅन्युअलची एक प्रत शाळेच्या कपाटात राहावी, दुसरी जवळच्या आयटीआयला द्यावी. मुलांना प्रॅक्टिकलला खरे काम मिळेल.

जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी अशी वाद्ये अजून असतील. त्यांनी ती चालते का पाहू म्हणून थेट २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावू नयेत. आधी मागच्या माहितीच्या पाटीवरचा व्होल्टेज वाचावा. आणि बंद केल्यावरही आत लगेच हात घालू नये, कंडेन्सरमध्ये चार्ज टिकून राहतो.

आपली,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, धरमपेठ, नागपूर