तू न वाचलेला शास्त्रपाठ

नगर

चि. स्नेहल हिस,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पोहोचल्याचा मेसेज मिळाला. फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि मग आत्या मध्ये पडते. सँडी हे टाइप करून तुला मेल करणार आहे, म्हणजे यातलं सगळं त्यालाही कळणार. त्याला इलाज नाही.

आईच्या स्मरणाच्या उपासनेत तू करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, येशू मेलेल्यांतून उठला तो, वाचायला नकार दिलास, त्याचा मला राग आलेला नाही. आत्याला आला आहे. पाळकसाहेबांनी तो स्वतः वाचला आणि प्रार्थना जरा लांबवली, यावरून काय समजायचं ते समज. "जे घडलं की नाही मला ठाऊक नाही, ते मी आईच्या फोटोसमोर उभी राहून वाचणार नाही," असं तू म्हणालीस. खरं सांगू, मंडळीत आम्ही वर्षानुवर्षं काय काय न समजता खड्या आवाजात वाचत आलो आहोत. पोरगी थांबली, विचार करून थांबली, हे मला कुठेतरी बरं वाटलं. सगळे गेल्यावर भांडी घासताना मात्र दुसरंच डोक्यात आलं आणि ते जात नाही. म्हणजे आई आता कुठेच नाही, असं तुला वाटतं का?

असो. ते विचारायला हे पत्र नाही. तू पुरावा विचारलास, त्याबद्दल लिहायला बसलो आहे. जन्मभर इतिहास शिकवला. पुरावा मागणाऱ्या पोराला कधी वर्गाबाहेर काढलं नाही, तुला कसा काढीन?

तुझं म्हणणं, बायबल सगळं नकलांच्या नकला होत आलेलं आहे. इथे तुझ्या पणजीचा संबंध येतो. दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात आलेली ती पोर पुढे तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या आणि तिथल्या मुली ते छापत होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. पणजीला खिळे वाचायची इतकी सवय की म्हातारपणी समोरच्या माणसाच्या हातातला पेपर ती उलट्या बाजूने वाचायची, हे आई सांगायची तेव्हा तू किती हसायचीस. तर मजकूर हाताखालून जाताना काय होतं ते आपल्या घराला ठाऊक आहे. चुका होतात. प्रश्न असा की किती होतात, आणि सापडतात का.

हिब्रू जुन्या कराराची तारीख असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत म्हणजे लेनिनग्राड कोडेक्स नावाचं हस्तलिखित, इ.स. १००८ चं. त्याआधीच्या हजार वर्षांत लेखनिकांनी काय उद्योग केले ते कळायला फारसा मार्ग नव्हता. मग १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत बेदुईन, म्हणजे भटक्या अरब मेंढपाळांना मडक्यांत गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी सात मीटरांहून लांब आहे, ५४ स्तंभ, ६६ च्या ६६ अध्याय, आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. म्हणजे अकराशेहून अधिक वर्षांची उडी. ताडून पाहिलं तर शुद्धलेखनाचे आणि बारीकसारीक शब्दांचे फरक ढीगभर आहेत, पण यशया तोच आहे. त्रेपन्नाव्या अध्यायात अकराव्या वचनात तर 'प्रकाश' हा शब्द जुन्या गुंडाळीत आहे आणि नंतरच्या हिब्रू प्रतींत गळलेला आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही तो आहेच. म्हणजे गळती झाली, आणि ती पकडताही आली. सगळ्याच पुस्तकांचं इतकं सरळ नाही. यिर्मयाची कुमरानमध्येच एक आखूड आणि एक लांब अशी दोन रूपं निघाली. हे उपदेशात कोणी सांगत नाही, सांगायला हवं.

नव्या कराराचं तर तुझ्याच गावात, मँचेस्टरात आहे. डीन्सगेटवर जॉन रायलंड्स लायब्ररी आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. तिथे एटीएम कार्डाएवढा पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाचा, एक तुकडा आहे. १९२० साली इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या तुकड्यांच्या ढिगात तो आला, आणि १९३५ मध्ये कॉलिन रॉबर्ट्सने तो काय आहे ते छापून सांगितलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, येशू रोमी सुभेदार पिलातापुढे उभा आहे तो प्रसंग. दोन्ही बाजूंना लिहिलेलं आहे, म्हणजे गुंडाळी नव्हे, पानांचं पुस्तक होतं. पुष्कळ वर्षं सगळे इ.स. १२५ च्या आसपासचा म्हणत. हल्ली काही अभ्यासक म्हणतात, अक्षराच्या वळणावरून इतकी नेमकी तारीख देता येत नाही, दुसऱ्या शतकाची अखेरही असेल, तिसरंही असेल. मी त्यांच्या बाजूने आहे. तारीख ओढून अलीकडे आणायची नाही आणि पलीकडेही ढकलायची नाही.

त्याच पिलाताचं नाव असलेला दगड १९६१ साली कैसरियात निघाला. इटालियन लोक तिथलं रोमी नाट्यगृह खणत होते आणि हा दगड तिथे पायरी म्हणून उलटसुलट बसवलेला. लॅटिनमध्ये पंतय पिलात, यहूदीयाचा प्रीफेक्ट, म्हणजे तिथला रोमी अधिकारी. रोमी इतिहासकार टॅसिटसने इ.स. ११६ च्या सुमारास लिहिलं की तिबेरिय कैसराच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला, आणि लगेच पुढे या पंथाला घातक अंधश्रद्धा म्हणून शिवीही दिली. मला ती शिवी फार मोलाची वाटते. आपल्या बाजूने बोलणाऱ्या साक्षीदारापेक्षा शिव्या देणारा साक्षीदार बरा. गंमत म्हणजे टॅसिटस पिलाताला प्रोक्युरेटर, हे दुसऱ्याच हुद्द्याचं नाव, म्हणतो, दगड प्रीफेक्ट म्हणतो. दगडाचं बरोबर.

पाहा, तास घ्यायला लागलो. तू लहान असतानाही हेच. माळशेज उतरून एसटी कल्याणला पोहोचली की मी तुला झोपेतून उठवून सांगायचो, सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की कल्लियाना गावी ख्रिस्ती मंडळी आहे आणि पर्शियातून नेमलेला बिशप आहे. पुष्कळ अभ्यासक ते हेच कल्याण मानतात. तू डोळे चोळत विचारलंस, "तो कुठल्या फलाटावर उतरला?" आई आणि तू डोंबिवलीपर्यंत हसत होतात. जॉनमामाच्या दारात पोहोचलो तरी हसू थांबेना, आणि आई त्याला ते सांगूही शकत नव्हती इतकी हसत होती. ते हसू मला अजून ऐकू येतं. तुला येतं का? की तू तेही बंद करून टाकलंस?

माफ कर. कुठून कुठे जातो.

आता तो अध्याय. तू म्हणालीस, घडल्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलं. शुभवर्तमानांबद्दल ते बरोबर आहे, त्यांना चाळीस, साठ वर्षं लागली असं बहुतेक अभ्यासक धरतात. पण प्रेषित पौलाचं हे पत्र त्यांच्याआधीचं आहे. ग्रीसमध्ये डेल्फीला क्लौद्य कैसराच्या पत्राचा शिलालेख सापडला, त्यात अखयाचा सुभेदार गल्लियो याचं नाव आहे. त्यावरून तो इ.स. ५१-५२ च्या सुमारास तिथे होता हे ठरतं. प्रेषितांची कृत्ये सांगतात की पौलाला करिंथमध्ये याच गल्लियोपुढे उभं केलं. त्यानंतर दोनतीन वर्षांत पौलाने इफिसाहून करिंथकरांना हे पत्र लिहिलं. क्रूसानंतर वीसपंचवीस वर्षं. आणि त्यात तो म्हणतो, मला जे सांगण्यात आलं तेच मी तुम्हाला सांगितलं. मग उठलेला येशू कोणाकोणाला दिसला त्याची यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेंवर बंधू, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की त्याने यरुशलेमात केफाबरोबर पंधरा दिवस काढले आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही पाहिलं. म्हणजे यादीतली माणसं त्याला भेटलेली होती. याकोबाला पुढे इ.स. ६२ मध्ये दगडमार करून मारलं, हे बायबलात नाही, यहूदी इतिहासकार योसेफसने लिहिलं आहे. योसेफसचा येशूवरचा मोठा परिच्छेद नंतर ख्रिस्ती हातांनी रंगवलेला आहे हे उघड दिसतं, त्यावर मी भार देत नाही. याकोबाचं वाक्य मात्र साधं आहे, ओघात आलेलं, आणि म्हणून टिकतं.

या यादीवर आईचा राग होता. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, आणि पौलाच्या यादीत एक बाई नाही. "पहाटे उठून सुगंधी द्रव्यं घेऊन जायचं बायकांनी, आणि नावं बाप्यांची," असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची. तिच्या बायबलात त्या वचनाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं आहे, 'बायका कुठे?' तू बॅग नीट उघडली नसशील तर सांगतो, ते बायबल आत्याने लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं आहे, मला न विचारता. आणि आईच्या त्या रागातच मला सगळ्यात भक्कम पुरावा दिसतो. त्या काळी यहूदी लोकांत बाईची साक्ष सहसा धरत नसत, योसेफसही तसंच म्हणतो. गोष्ट रचायची असती तर पहिले साक्षीदार म्हणून मग्दालीया मरीयेला कोणी उभं केलं नसतं.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तू म्हणशील पप्पांनी सोयीचं तेवढं वेचलं. लूक म्हणतो येशूच्या जन्मावेळी रोमी सुभेदार क्विरीनियची नावनिशी, म्हणजे जनगणना, झाली. ती इ.स. ६ ची, आणि ज्याच्या राज्यात येशू जन्मला तो हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्येच मेला असं बहुतेक जण धरतात. हा गुंता सुटलेला नाही. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, आपली सगळ्यांची आवडती, योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. मार्कचं शेवटचं पान सिनाय आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या प्रतींत नाहीच. बायका कबरेपासून पळाल्या, भ्याल्या होत्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत, आणि संपलं. बेन्जीकाका ग्रुपवर नोहाचं तारू सापडलं म्हणून व्हिडिओ टाकतो, त्याला मी उत्तर देणं सोडलं आहे. वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियमने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून मिरवलेले सोळाच्या सोळा तुकडे बनावट निघाले, हे २०२० मध्ये त्यांनीच तपास करवून जाहीर केलं. असल्या पुराव्यांपेक्षा तुझं गप्प बसणं मला परवडतं.

इतिहासाचा मास्तर म्हणून मला इथवरच येता येतं: येशूला पिलाताने मारलं, आणि त्याच्या माणसांनी लगेचच, म्हातारी होऊन नव्हे, तो आम्हाला दिसला असं सांगायला सुरुवात केली, आणि त्यातल्या काहींनी ते सांगता सांगता जीव दिला. ती लबाड होती असं मला वाटत नाही. त्यांनी काय पाहिलं, ते दगडावर कोरलेलं सापडणार नाही. मी ते मानतो. आईला दफनभूमीत ठेवून घरी आल्यावर मी ते पहिल्यांदा खरोखर मानलं, त्याआधी नुसतं शिकवत होतो.

एक गोष्ट लिहू की नको करत होतो. आईचा रिपोर्ट आला तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यात आधी तुला कळला. टक्केवारी तुझा धंदाच आहे. तरी तू तिकडून रोज फोनवर आम्हाला सांगत राहिलीस, बरी होईल, औषधं चांगली आहेत. तू ते आमच्यासाठी केलंस हे मला नंतर कळलं, आणि इतक्या लांब एकटीने ते ओझं वाहिलंस म्हणून रात्री झोप लागली नाही. त्यानंतरच तू ठरवलंस का, की ठाऊक नसलेलं काही पुन्हा तोंडाने म्हणायचं नाही? तसं असेल तर मी समजू शकतो. पण मग आईचं काय? ती भेटेल असं तुला अगदीच वाटत नाही का, थोडंसुद्धा? चर्चला जा असं म्हणत नाही. जातेस का तेही विचारत नाही.

रायलंड्समध्ये जाशील तेव्हा तो तुकडा मांडलेला आहे का पाहा. फोटो काढू देत असतील तर मागच्या बाजूचा काढ, पिलात 'सत्य काय आहे?' विचारतो ते वचन त्या बाजूला येतं. अर्धी अक्षरं उडालेली आहेत, तरी मला पाहायचं आहे. आणि माझी साखर थोडी वाढली आहे, डॉक्टरांनी गोळी बदलली, काळजीचं काही नाही. हे मात्र खरंच काही नाही, रिपोर्ट सँडी जोडून पाठवेल, तूच वाच. आत्याला सांगू नकोस, ती चहातली साखर बंद करेल.

तुझा,
पप्पा