पेंटरकाका, तुम्ही शब्द सांगितला नाहीत

पेंटरकाका, सलाम.

परवा रात्री आईने बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा, शेवटचा अध्याय वाचून संपवला. वही मिटून कपाळाला लावली आणि म्हणाली, "पेंटरभाऊंना कळव." फोन केला असता, पण फोनवर मला रडू आलं असतं आणि तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून दिला असता. म्हणून लिहिते.

आधी पोटातली मळमळ काढून टाकते. आमच्या चर्चच्या मंडळीत शिष्यत्वाचा वर्ग होता, बारा आठवड्यांचा, प्रोजेक्टरसकट. १३२१ साली याच ठाण्यात तोलेंतिनोच्या थॉमसने आणि आणखी तीन फ्रान्सिस्कन साधूंनी विश्वासापायी जीव दिला, ती गोष्ट तिथे हमखास निघायची. ऐकून अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू! मग फॉर्म भरायचा: या आठवड्यात किती घरी गेलात, किती पत्रकं वाटलीत. मीही ठाणे स्टेशनला सॅटिसच्या पुलाखाली उभी राहून वाटली आहेत. निम्मी माझ्यादेखत पायदळी गेली, तरी आकडा पूर्ण लिहिला.

आणि शुगरने आईच्या डोळ्यांचा पडदा बिघडला, तेव्हा सातशे वर्षांपूर्वीच्या हुतात्म्यांवर डोळे पुसणाऱ्या आम्हा लोकांना कळव्याचा पूल ओलांडवेना. एकदा आले, नाही असं नाही. मोठ्या टाइपाचं बायबल तिच्या हातात दिलं, फोटो काढला, चहा घेतला, गेले. ते धूड तिला मांडीवरही पेलत नव्हतं. दुसऱ्या एकाने माझ्या मोबाइलमध्ये ऑडिओ टाकून दिला. "मावशी, या वयात आता नुसतं ऐका."

ऐकण्यातच तर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नगरकडच्या खेड्यात लहानपणी उपासनेला बसून ऐकलं, लग्नानंतर ऐकलं. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झालं, त्यानंतरच्या एका वर्गात दिवसभराची धुणीभांडी उरकून ती अक्षरं शिकली. सराव रस्त्यावरच्या पाट्यांवर. बेकरी, सलून, पिठाची गिरणी. कोण जाणे, त्यातल्या काही पाट्या तुम्हीच रंगवलेल्या असतील. अशा बाईला "नुसतं ऐका" म्हणणं म्हणजे हातातलं पुस्तक काढून घेणंच.

तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलंच नाही. तुम्ही आलात, तिच्यासमोर एका कागदावर लहानमोठी 'क' काढत गेलात आणि कुठला दिसतो ते विचारलंत. पुढच्या गुरुवारी वही घेऊन आलात. पिवळट कागद, कारण पांढरा चकाकतो. काळी शाई, पानावर सहा ओळी, दोन शब्दांमध्ये बोटभर जागा. शिरोरेषा अशी सरळ की फ्लेक्सवाल्यांनी मान खाली घालावी. चारांतलं सगळ्यांत छोटं शुभवर्तमान म्हणून मार्क निवडलंत, तरी सोळा अध्याय हाताने लिहायचे म्हणजे गंमत नव्हे.

पण काका, हे पत्र वह्यांसाठी नाही.

पहिल्याच अध्यायात 'कफर्णहूम' आलं. आई 'कफ'पर्यंत गेली आणि त्या रफारावर अडली. माझ्या तोंडात शब्द तयार होता. मी नेहमी तेच करायची, शब्द पुरवायची, मग ती "तूच वाच" म्हणून पुस्तक सरकवायची. तुम्ही माझ्याकडे न बघता हात जरासा वर केलात. बस्स. आणि गप्प बसलात. गॅसवर दूध वर आलं, मी पळत जाऊन बंद केलं, परत आले, तरी आईचं बोट त्याच अक्षरावर. तुम्ही खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे बघत होतात, जणू तुम्हाला कुठे जायचंच नाही. मग ती म्हणाली, "कफ... र्ण... हूम." आणि तुम्ही फक्त म्हणालात, "पुढे काय झालं?"

बारा आठवड्यांत मला जे कळलं नव्हतं ते त्या दोन मिनिटांत कळलं.

शेजारच्या वहिनी दारात लसूण सोलत बसलेल्या असायच्या. माळकरी बाई, आळंदीला जाणाऱ्या. त्यांना तुम्ही एकदाही पत्रक दिलं नाहीत. दुसऱ्या अध्यायात छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात तिथे आई थांबली, तर वहिनीच आत आल्या. "अगं, वाच ना! आणि पत्रे उचकटले त्याचे पैसे कुणी दिले?" आमच्या चाळीत पत्र्याचा हिशोब आधी होतो. तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. आठव्या अध्यायातला आंधळा म्हणतो, माणसं झाडांसारखी दिसतात, पण चालताना दिसतात. आई म्हणाली, "मला तर टीएमटीची बस तशी दिसते." ही हकिकत मार्कशिवाय दुसऱ्या कुठल्या शुभवर्तमानात नाही, हे तुम्हीच सांगितलंत. त्या गुरुवारी दारात पाच जणी होत्या. वाचणारी आई होती, तुम्ही कोपऱ्यात.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती म्हणतात. आमच्या उंबऱ्यात त्याहून वेगळं काय होतं? वहिनी अजून त्यांच्या विठोबाच्याच आहेत आणि तुम्हाला त्याचं काही वाटलेलं मला दिसलं नाही. सरळ माणूस घरात येऊन बसला की घराचा आवाजच बदलतो. आमच्याकडे भांडीसुद्धा हळू वाजायला लागली.

दुसऱ्या अध्यायाची वही वहिनींकडेच आहे, त्यांच्या नातवाला वाचून दाखवतात. मिळाली की परत करते. आणि आईचा निरोप: लूकचे चोवीस अध्याय आहेत, तिने मोजून ठेवलेत. हात दुखत असेल तर तसं सांगा, संकोच नको. नाहीतर वह्या आम्ही आणू, शाई तुमची.

तुमची,
कळव्याची लेक