विन्याला, केसलरविषयी

पुणे,
४ डिसेंबर

प्रिय विन्या,

स. न. वि. वि. वगैरे राहू दे. परवा फोनवर सरकारी नोकरीचा विषय निघाला, तेव्हा म्हणालास, "दवाखाना बंद करून सरकारी फायलीच चाळायच्या, तर एमडी केलं कशाला?" मागे तुझा कुणी पेशंट भोकाड पसरून रडत होता, बोलणं तुटलं. म्हणून लिहितोय.

डेव्हिड केसलर ठाऊक आहे? तुझ्यासारखाच लहान मुलांचा डॉक्टर, वर वकिलीही शिकलेला. १९९० मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचा, प्रमुख झाला. खात्याची पार रया गेली होती. काही अधिकारी जेनेरिक औषधवाल्यांकडून लाच खाताना सापडले होते. आणि गड्याने पहिला हात कुठे घातला, तर संत्र्याच्या रसात! आटवलेल्या रसात पाणी घालून प्रॉक्टर अँड गॅम्बल तो 'फ्रेश' म्हणून विकत होती. १९९१ मध्ये मिनेसोटातल्या गोदामातून २४,००० खोकी जप्त. भांडण एका शब्दाचं, पण खातं जागं झालंय हे बाकीच्यांना कळलं. पुढे तो तंबाखू कंपन्यांशी लढला, पण मला तर त्यापेक्षा हीच गोष्ट जास्त आवडते.

पण तंबाखूत त्याच्यातला डॉक्टर दिसतो. तू आईला विचारतोस ना, "कधीपासून होतंय?" त्याने तेच सिगारेटबद्दल विचारलं. बहुतेकांची सुरुवात शाळेच्या वयातली निघाली. म्हणून तो म्हणायचा, हा बालरोग आहे. एप्रिल १९९४ मध्ये सात कंपन्यांचे प्रमुख संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगून गेले की निकोटीनचं व्यसन लागतं असं त्यांना वाटत नाही. जूनमध्ये केसलरने तिथेच 'वाय-१' मांडलं. ब्राझीलमध्ये पिकवलेलं, जवळजवळ दुप्पट निकोटीनचं तंबाखूचं वाण. त्याच्या माणसांनी पेटंटं आणि आयातीची कागदपत्रं उकरून ते शोधलं होतं. फायलीच चाळल्या, विन्या!

१९९६ मध्ये एफडीएचे तंबाखूवरचे नियम आले, कंपन्या कोर्टात गेल्या. २००० साली सर्वोच्च न्यायालय ५ विरुद्ध ४ मतांनी म्हणालं, संसदेने एफडीएला हा अधिकार दिलेलाच नाही. केसलर तोवर खुर्ची सोडून येल विद्यापीठात गेला होता. अधिकार देणारा कायदा झाला २००९ मध्ये. तुला उतरलेला ताप तिसऱ्या दिवशी दिसतो. सरकारी कामात एवढी वाट बघवणार असेल तरच जा. पगार, बदल्या यांचं वहिनींशी बोल, त्यातलं मला कळत नाही.

आणि हो, तुझ्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर शाळा सुटल्यावर कोण उभं असतं, ते एकदा बघून कळव.

तुझा,
अज्या