दुय्यम ठरवलेल्या चित्रपटांतील कलावंतांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नुकताच कमी खर्चात बनलेल्या जुन्या हिंदी भयपटांवर एक लेख वाचला. त्यातील रबरी मुखवटे, हलणाऱ्या भिंती आणि किंचाळणारे नट यांची लेखकाने मनसोक्त थट्टा केली आहे. लेख वाचनीय होता. परंतु पुण्यातील एका एकपडदा चित्रपटगृहात मी २६ वर्षे ऑपरेटर म्हणून काम केले आणि मॅटिनीला असे चित्रपट वर्षानुवर्षे चालवले, म्हणून त्या किंचाळणाऱ्या नटांच्या बाजूने चार शब्द लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

अशा चित्रपटांना 'बी ग्रेड' म्हणतात; प्रथम त्यातील 'बी' या अक्षराविषयी. अमेरिकेत १९३०च्या दशकातील महामंदीत प्रेक्षक टिकवण्यासाठी चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मुख्य चित्रपटासाठी उत्पन्नातील टक्केवारी द्यावी लागे, तर जोडीच्या छोट्या चित्रपटाचे ठरावीक भाडे असे. हा जोडीचा चित्रपट म्हणजे 'बी'. ते अक्षर खेळातील जागा सांगत होते. कलावंताच्या लायकीशी त्याचा संबंध नव्हता. आपल्याकडे येईपर्यंत त्याची प्रतवारी झाली, आणि एकदा प्रत ठरली की त्या चित्रपटात काम करणाऱ्या माणसाचीही प्रत ठरून गेली.

आता मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो आणि त्या खुणेवर ऑपरेटरला दुसरे यंत्र सुरू करावे लागते. त्यामुळे प्रत्येक रिळाची शेवटची दोन-तीन मिनिटे आम्ही झरोक्यातून डोळ्यांत तेल घालून पाहत असू. एका भुताच्या चित्रपटात असेच एक रीळ संपताना घराची म्हातारी मोलकरीण कंदील घेऊन येते, मागे दार आपटते आणि प्लायवुडची भिंत थरथरू लागते. ती बाई संवाद न थांबवता एक पाऊल मागे सरते आणि दम लागल्यासारखा तळहात भिंतीवर टेकते. भिंत स्थिर होते. संवाद पुढे चालू राहतो, आणि आता ती मोलकरीण खरोखरच भ्यालेली, थकलेली वाटते. पहिल्या दिवशी मला हा दिग्दर्शकाचा विचार वाटला. आठवडाभर रोज एक, असे सात खेळ पाहिल्यावर खात्री पटली की तो त्या बाईंचा होता, आणि तोही ऐनवेळी सुचलेला. कच्ची फिल्म महाग, जागेचे भाडे दिवसावर, त्यामुळे दुसरा टेक मिळण्याची आशा नाही, अशा वेळी डळमळणारी भिंत सावरून तिचाच अभिनय करून टाकणे, याला मी पहिल्या दर्जाचे काम म्हणतो.

त्या बाईंचे नाव मला हवे होते. रीळ गुंडाळताना मी श्रेयनामावलीची पट्टी दिव्यासमोर धरली. 'सहकलाकार' या शब्दाखाली आठ नावे होती, त्यांपैकी चार स्त्रियांची, आणि ती सगळी मिळून पडद्यावर तीन सेकंद, म्हणजे ७२ चौकटी. कोणत्या नावाने कोणती भूमिका केली, ते कोठेच लिहिलेले नव्हते.

या चित्रपटांत घाईघाईने उरकलेले, बाईच्या देहाचा बाजार मांडणारे आणि प्रेक्षकाला गृहीत धरणारे चित्रपट पुष्कळ होते, हे मी नाकारत नाही. तसले काही चालवताना मलाही लाज वाटत असे. पण कमी पैशांत काम करण्याचीही एक शिस्त असते. भयपट बनवणाऱ्या रामसे कुटुंबातील सात भावांनी कामे वाटून घेतली होती: कुमार लेखन पाहत, गंगू छायाचित्रण, किरण ध्वनी, अर्जुन संकलन आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन. १९८४च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी हा राक्षस साकारणारे अनिरुद्ध ऊर्फ अजय अग्रवाल हे रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. जाड रंगभूषेखाली चेहऱ्याची हालचाल जवळजवळ दिसत नाही. म्हणून त्यांनी सारे काम डोळ्यांवर, चालीवर आणि उभे राहण्याच्या ढंगावर तोलून धरले. स्टॉलमध्ये त्यांच्या प्रवेशाला होणारी शांतता मी कॅबिनमधून ऐकलेली आहे.

आपण मराठी वाचकांनी तर या परंपरेला नाक मुरडणे मुळीच शोभत नाही, कारण तिच्या पायाशी आपलीच माणसे आहेत. मूकपटांच्या काळात तलवारबाजी आणि उड्यांनी गर्दी खेचणारे मास्टर विठ्ठल हेच १९३१च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक. भगवान पालव, म्हणजे आपले मास्टर भगवान, यांनी १९३८पासून दशकभर गिरणी कामगार आणि मजुरांच्या पसंतीचे, कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट दिग्दर्शित केले. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या सुरुवातीच्या कामांतही भगवान यांचे चित्रपट आहेत. १९५१च्या 'अलबेला'चे यश सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यामागे असलेल्या त्या दहा-बारा वर्षांच्या उमेदवारीचा उल्लेख क्वचितच होतो. पुढे चेंबूरचा स्टुडिओ, बंगला, मोटारी सर्व गेले, आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीतल्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नाचाची ती सैल, मान डोलावत टाकलेली पावले गणपतीच्या मिरवणुकीत आजही पडतात. नाचणाऱ्या पोरांना ती कोणाची, हे कोणीतरी सांगायला हवे.

'हंटरवाली' (१९३५) गाजवणाऱ्या आणि पुढे धावत्या आगगाडीच्या टपावर स्वतः मारामारी करणाऱ्या नाडिया यांचे, किंवा दारासिंगांबरोबरच्या कुस्तीपटांची नायिका म्हणून हिणवल्या गेलेल्या आणि १९७० च्या 'खिलौना'साठी फिल्मफेअर मिळवणाऱ्या मुमताज यांचे नाव निदान टिकले. ज्यांना वरची पायरी मिळाली नाही, त्यांच्या कामाची नोंद त्या चित्रपटांच्या प्रिंटमध्येच काय ती असते, आणि प्रिंट हरवली की माणूसही हरवतो. 'आलम आरा'चीही एकही प्रत आज उपलब्ध नाही, तिथे मॅटिनीच्या चित्रपटांची काय कथा? भाडे संपलेल्या प्रिंट फिल्मवरील चांदीसाठी विकल्या जात, हे आमच्या धंद्यात सर्वांना माहीत होते.

सुदैवाने विधी महाविद्यालय रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्या शहरात आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पी. के. नायर यांनी चांगला-वाईट असा भेद न करता मिळेल तो चित्रपट मिळवून ठेवला. त्याच वृत्तीने संग्रहालयाने आणि शहरातील फिल्म सोसायट्यांनी वर्षातून निदान एकदा स्टंटपट, भयपट आणि कुस्तीपट सन्मानाने दाखवावेत, आणि त्या वेळी हयात असलेले फायटर, रंगभूषाकार व सहकलाकार यांना बोलावून कोणत्या दृश्यात कोण आहे याची नोंद करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. हे काम जाणकार मंडळी हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. असा एखादा कलावंत निवर्तला की 'ज्येष्ठ सहकलाकार यांचे निधन' एवढ्या दोन ओळी छापून येतात. त्याऐवजी त्यांचा भूमिकेतील एक फोटो, भूमिकेचे नाव आणि एखादे दृश्य यांची नोंद द्यावी. माझ्याकडे मॅटिनीच्या काळातील काही पोस्टर आणि गाण्यांची चोपडी जपून ठेवलेली आहेत. ती मी आनंदाने उपलब्ध करून देईन. कंदील धरलेल्या त्या मोलकरणीचा एक लहानसा फोटो त्यांपैकी एका पोस्टरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. आपण तो छापलात, तर पुण्या-मुंबईतील एखाद्या वाचकाला आपली आई, मावशी किंवा शेजारीण त्यात ओळखू येईल आणि चार नावांपैकी खरे नाव कळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ऑपरेटर,
रास्ता पेठ, पुणे