आमच्या वस्तीतल्या आशा स्वयंसेविका ताईंना, म्हणजे घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या आशाताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आईच्या टीबीच्या गोळ्या संपल्या. शेवटची थुंकीची तपासणीही निगेटिव्ह आली. डॉक्टरांचे आभार तिथल्या तिथे मानले, तुमचे राहून गेले. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

खोकला सुरू झाला तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या आणून झाल्या. वजन उतरत होतं, संध्याकाळी अंग तापत होतं, पण थुंकी तपासून घ्या असं तिथे कुणी म्हटलं नाही. मग सरकारी खिडकीवर गेलो, तर 'वेळ संपली, उद्या या.' उद्या म्हणजे आणखी एक खाडा. आई पुण्यात सहकारनगरात धुणीभांडी करते. खाडा झाला की पैसे कापतात, खाडे वाढले की कामच जातं. टीबीची तपासणी आणि औषधं सरकार फुकट देतं, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? दवाखान्याची वेळ आणि कामवाल्या बाईची वेळ एकच आहे, हे वेळा ठरवणाऱ्यांच्या ध्यानातच आलेलं नाही.

तुमच्या आलं. आईचा केसपेपर घेऊन तुम्ही स्वतः रांगेत उभ्या राहिलात. म्हणालात, "मावशी, तुम्ही दोन घरं उरकून या. नंबर जवळ आला की मिस्ड कॉल देते." आई ओल्या हातांनी, पदर खोचलेला तसाच, धावत आली तेव्हा पुढे दोनच माणसं उरली होती. त्या दिवशी तपासणी झाली नसती तर आई पुन्हा तिकडे फिरकली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, गोळीचा रंग आहे," हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. नाहीतर दुसऱ्याच दिवशी तिनं गोळ्या बंद केल्या असत्या. सरकारकडून मिळणारे पोषणाचे महिन्याचे १००० रुपये भाड्यात घालायचे नाहीत, अंडी-शेंगदाणे आणायचे, अशी प्रेमाची तंबी दिलीत. आणि दारात उभं राहून 'टीबी' हा शब्द कधी उच्चारला नाहीत.

पर्वतीच्या पायथ्याला एकीकडे हवेशीर सोसायट्या, दुसरीकडे आमच्या दहा बाय दहाच्या, खिडकी नसलेल्या खोल्या. हवेतून पसरणाऱ्या या रोगाचं अशा कोंदट दाटीत फावतं. हे नुसत्या गोळ्यांनी मिटणारं नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, ऊर भरून आला. पण तुम्हाला अजून कायम पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. दुसऱ्याच्या आईसाठी रांगेत उभं राहायचा मोबदला कुठल्या तक्त्यात असेल? माणुसकी तुमच्याकडून घ्यायची आणि हक्काचा पगार मात्र द्यायचा नाही, याची मला लाज वाटते.

मागच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या काकांचा खोकला थांबत नाहीये. आईनं त्यांना तुमचा नंबर दिलाय. फोन आला तर आमच्याच घरचा समजा.

तुमची,
मावशींची मुलगी